डबीतली मधली जागा

मधलीला मधली हे नाव कुणी ठेवलं नाही, ते पडलं. वर एक दादा, खाली एक धाकटी आणि दोघांच्या मध्ये ही. फोटो काढताना, पलंगावर झोपताना आणि मुख्य म्हणजे गाडीत बसताना तिची जागा ठरलेली असायची. आता तिचे केस पिकू लागलेत, ती स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल चालवते, गावातले निम्मे चालक तिच्या हाताखालून गेलेत आणि त्यातले काही जण रस्त्यात ओळखही देतात. पण आई अजूनही शेजारणीला सांगते, "काल मधली येऊन गेली." शेजारणीलाही तिचं दुसरं काही नाव असेल असं वाटत नाही.

आणि गाडी म्हणजे डबी. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते कंपनीखेरीज कुणी वापरत नाही. पहिली गाडी रस्त्यावर आली तेव्हाच कुणीतरी तिला डबी म्हणालं, आणि मग कंपनीने कितीही जाहिराती केल्या तरी ती डबीच राहिली. ज्याच्या घरी डबी नव्हती त्याच्या मेहुण्याकडे तरी असायचीच. लग्नाच्या वराती डबीतून गेल्या, बाळं दवाखान्यातून डबीतून घरी आली, आणि घर बदलताना लोकांनी डबीच्या टपावर अशा अशा वस्तू बांधल्या की ते आठवून पोलीसदेखील मान हलवतात.

या डबीचा इतिहास कंपनीने छापलाय. गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसह. त्यात लिहिलंय की, प्रत्येक नवी डबी ही ग्राहकांच्या बदलत्या गरजांच्या सखोल अभ्यासातून जन्माला आली. आता हा सखोल अभ्यास म्हणजे काय, ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. सखोल अभ्यास म्हणजे मधलीच्या घरचे पाच जण.

झालं होतं असं. मधलीचे बाबा कंपनीत सुतार होते. मोटारीच्या कंपनीत सुताराचं काय काम, असं विचारणाऱ्यांना बाबा आधी एकदा नीट बघून घेत आणि मग समजावून सांगत. कुठलीही गाडी लोखंडात उतरण्याआधी लाकडात करावी लागते. खरीखुरी, पूर्ण मापाची. दारं उघडणारी, आत बसता येणारी. तो नमुना बाबा करत. पहिल्या डबीचा नमुना तयार झाला तेव्हा कंपनीचे मोठे साहेब तो बघायला आले. भोवती दोन फेऱ्या मारल्या, टपावर टिचकी मारली, आणि मग थबकून म्हणाले, "कुटुंबाची गाडी, कुटुंबाची गाडी म्हणतोय आपण. पण हिच्यात एखादं कुटुंब बसून बघितलंय का कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहेब स्वतः अविवाहित होते. त्यांच्याबरोबरचे इंजिनियर नुकतेच कॉलेजातून आलेले, त्यांनाही कुटुंब म्हणजे आईवडील एवढंच ठाऊक. बाबा तिथेच मागच्या दाराला पॉलिश पेपर मारत होते.

"तुमच्या घरी किती माणसं?" साहेबांनी विचारलं.

"पाच."

"उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ही वरात कारखान्यात हजर झाली. आईने ठेवणीतले कपडे काढले होते, केसांचा भलाथोरला अंबाडा घातला होता, आणि तिघा मुलांची तोंडं घासूनपुसून लाल केली होती. बाबा चालकाच्या जागी बसले, आई त्यांच्या शेजारी. दादाने एक खिडकी धरली, धाकटीने दुसरीसाठी भोकाड पसरून ती मिळवली, आणि मधली मध्ये गेली. दारं लागली. आईचा अंबाडा छताला टेकला.

"छत बुटकं आहे," आई म्हणाली.

झालं. छत चार बोटं वर गेलं. आज डबीच्या टपाला जो गोलसर फुगवटा आहे, ज्याच्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकात वाऱ्याच्या प्रवाहाविषयी दीड पान आहे, तो आईचा अंबाडा आहे.

तेव्हापासून ती रीतच पडली. नवी डबी करायची झाली की, लाकडी नमुना तयार व्हायचा आणि या घराला बोलावणं यायचं. मोठे साहेब गेले, दुसरे आले, तेही गेले, पण बोलावणं चुकलं नाही. हे बंद करायचं असेल तर कुणाला विचारायचं, हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि घर वाढलं तशी डबी वाढत गेली. दादाला मिसरूड फुटलं आणि त्याचे पाय ताडमाड वाढले, तेव्हा पुढची डबी हातभर लांब झाली. धाकटी बाळाला घेऊन आली, तेव्हा मागचं दार रुंद झालं. बाबांचं पोट सुटलं, त्या वर्षी स्टिअरिंग वरखाली होऊ लागलं, आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी त्या सोयीचं तोंडभरून कौतुक केलं. बाबांनी ती कात्रणं जपून ठेवली. पोटामुळे एवढं नाव कुणाचं झालं नसेल.

दर वेळी साहेब लोक नमुन्याभोवती फिरत आणि विचारत, "पुढे कसं वाटतंय? ठीक? खिडकीपाशी? पाय पुरतात? झालं तर मग." आणि दारं उघडून सगळ्यांना चहाला नेत.

मधलीला कधीच कुणी विचारलं नाही. एकदाही नाही. हे ती विसरली नव्हती.

विचारण्यासारखं तर बरंच होतं. डबीच्या पोटाखालून धुराचा पाइप मागे जातो, त्यामुळे मागच्या सीटपुढे नेमका मधोमध एक उंचवटा आहे, मोठ्या पावाएवढा. मध्ये बसणाऱ्याने पाय ठेवायचे कुठे, तर एक दादाच्या राज्यात आणि एक धाकटीच्या. दोन्ही राज्यांची सरहद्दीवर सक्त नजर. म्हणून पाय उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला आणि दोन्ही बाजूंनी कोपरं. खिडकी नाही, वारा नाही, समोर बघावं तर आईचा अंबाडा. तिच्या स्कूलमध्ये नवीन मुलं यायची, हसत हसत सांगायची, "मॅडम, लहानपणी मला डबीत नेहमी मध्ये बसवायचे." मधली त्यांना पहिल्याच दिवशी चहा पाजायची.

कामगारांच्या सवलतीत मिळालेली पहिली डबी घरी आली, आणि सुट्टी लागली की सगळे घाट चढून मावशीकडे जाऊ लागले. घाट म्हणजे वळणावर वळण. मांडीवर आईने दिलेला डबा, डब्यात उकडलेली अंडी, आणि धाकटीने ती वाटेतच खायला सुरुवात केलेली. तिसऱ्या चौथ्या वळणाला मधलीच्या पोटात ढवळायला लागायचं. तोंडाला पाणी सुटायचं, कपाळ गार पडायचं. सांगायची सोय नव्हती. एकदा सांगितलं होतं, तर दादाने पुढचे कित्येक महिने तिला 'ओकारी' म्हणून हाक मारली होती. म्हणून ती ओठ मिटून बसायची आणि आता काही खरं नाही असं वाटायच्या आत डबी तापायची.

दर वेळी. अगदी नेमकी. बाबा गाडी कडेला घेत, म्हणत, "तापली गाडी. उतरा सगळे," आणि बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभे राहत. बाकीचे त्यांच्याभोवती गोळा होत आणि आत डोकावत. मधली तेवढ्यात दगडाआड जाऊन ओकून मोकळी होई, गार वारा खाई, तोंड पुसून परत येई. कुणाच्या लक्षातही येत नसे. मग बाबा बॉनेट आपटत, म्हणत, "झाली गार," आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी.

या घरात आपल्या बाजूने कुणीतरी आहे, असं मधलीला त्या काळात ठामपणे वाटायचं. ते म्हणजे डबीचं इंजिन.

आई मात्र वैतागली होती. दुसऱ्या डबीच्या वेळी साहेबांनी विचारलं तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, "बाकी सगळं छान आहे हो, पण आमची घरची तापते फार." बाबा बुटांकडे बघत राहिले. डबीबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर भांडायला उठणारा माणूस, पण त्या दिवशी अवाक्षर बोलला नाही.

इंजिनियरांची तारांबळ उडाली. बाहेर दुसऱ्या कुणाचीच डबी तापत नव्हती, तापत होती ती नेमकी या घरची. त्यांनी पुढची जाळी चांगली रुंद केली, या कानापासून त्या कानापर्यंत, म्हणजे वारा आत जाईल. ती गाडी बाजारात आली आणि लोक तिच्या प्रेमातच पडले. समोरून बघितलं तर गाडी हसतेय असं वाटायचं. हसरी डबी हसरी डबी म्हणून ती जी खपली, की कंपनीने त्यानंतर ते हसू कधी काढलं नाही. ही दुसरी डबी घरी आली, मावशीकडे निघाली, आणि घाटात तापली.

तेव्हा मात्र एक तरुण इंजिनियर हट्टाला पेटला. तो स्वतः यांच्याबरोबर मावशीकडे निघाला. त्याला पुढे बसवलं, आई मागे आली आणि मधलीला तिने मांडीवर घेतलं. आईच्या मांडीवरून खिडकी दिसत होती. मधली घाट लागायच्या आधीच झोपली, आणि डबी शिखरापर्यंत जाऊन उतरली तरी तापली नाही. इंजिनियर मावशीकडे जेवला, परत आला, आणि काही महिन्यांनी त्याने मोटारी सोडून शिलाई यंत्रांच्या कंपनीत नोकरी धरली.

आता एवढ्या वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. नवी डबी, आणि या वेळी विजेवर चालणारी. आईने फोन करून तिघांना फर्मान सोडलं. "वेळेवर या. आणि नीट कपडे घालून या."

मधलीने या वेळी मनाशी पक्कं ठरवलं होतं. कुणी विचारो न विचारो, आपण बोलायचं. ती मधली जागा काढून टाका म्हणून सांगायचं. ती जागा नव्हे, शिक्षा आहे, आणि देशभरातली मधली मुलं ती निमूट भोगतायत, असं एक वाक्यही तिने तयार केलं होतं. स्कूलच्या गाडीत बसून तिने ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. ऐकणारा विद्यार्थी घाबरून तिसऱ्या गियरमध्येच थांबला.

नमुन्याच्या हॉलमध्ये सगळे जमले. दादाला टक्कल पडलं होतं, धाकटीला चष्मा लागला होता, आणि बाबा काठी टेकत आले होते. त्यांचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं होतं, पण ती गोष्ट घरात कुणी काढत नसे. आल्या आल्या त्यांनी नमुन्याच्या दारावरून हात फिरवला.

"निम्मी माती आहे," ते तुटकपणे म्हणाले.

"हो काका, आता आम्ही लाकडावर माती थापतो," डिझायनरबाई म्हणाल्या. वयाने त्या धाकटीच्या मुलीएवढ्या असतील, पण नवी डबी सगळी त्यांच्या हातात होती. बोलायला मोकळ्या आणि हसऱ्या. "बघा, एक मोठा बदल आहे. या वेळी जागा चारच ठेवाव्यात असं आमच्या मनात आहे. खाली बॅटऱ्या आल्या, त्यामुळे मधे तसाही उंचवटा राहतो. आणि हल्ली मागे मधे बसतं कोण? म्हणून तिथे ही पेटी. पेले ठेवायला आणि फोन चार्ज करायला. तुम्ही बसून बघा. तुम्हाला बरं वाटलं तर आज दुपारीच हे कायम करू."

मधलीने आत डोकावून बघितलं. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये, जिथे तिचं सगळं बालपण गेलं होतं, तिथे एक झाकणाची पेटी होती, आणि पेटीला दोन गोल खोबणी. तिच्या जागी दोन पेले बसणार होते.

म्हणजे तिचं काम न बोलताच झालं होतं. तयार केलेलं वाक्य वाया गेलं एवढंच. आनंद व्हायला हरकत नव्हती.

"बसा ना," डिझायनरबाई म्हणाल्या.

आणि सगळे बसले. इतक्या वर्षांची सवय, कुणाला विचार करावा लागला नाही. बाबा काठी मधलीच्या हातात देऊन चालकाच्या जागी बसले. आईने पर्स तिच्याकडे दिली आणि ती पुढे बसली. दादाने एका बाजूने, धाकटीने दुसऱ्या बाजूने, पन्नाशी उलटलेल्या दोघांनी खिडकीसाठी अशी काही घाई केली की डिझायनरबाई बाजूला झाल्या. दादाचा कोट आणि धाकटीची छत्रीही मधलीच्या हातात आली. दारं एकामागून एक लागली. गाडी भरली.

मधली मागे उभी होती. काठी, पर्स, कोट आणि छत्री घेऊन.

आत मजेत चाललं होतं. पेटीमुळे दादा आणि धाकटी दोघांना कोपर टेकायला जागा झाली होती, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं भांडण होत नव्हतं. "पुढे कसं वाटतंय काकू?" "छान आहे गं." "खिडकीपाशी? पाय पुरतात?" "मस्त." मागच्या काचेतून मधलीला चार डोकी दिसत होती. चांगलं सुटसुटीत, पुरेसं कुटुंब. कुणाला काही कमी आहे असं वाटत नव्हतं. ज्या जागेला तिने जन्मभर शिव्या दिल्या ती गेली होती, आणि त्या जागेबरोबर तीही गेली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. वाईट जागा होती, पण गाडीच्या आत होती. तिला रडू यायला लागलं आणि रडू येतंय याचा रागही आला. या वयात, लोकांसमोर, पेल्यांच्या पेटीवरून. घाटात मिटायची तसे तिने ओठ मिटून घेतले.

बाबांनी सवयीने वरचा आरसा जरासा हलवून बघितला. त्यांचा हात आरशावरच थांबला.

"तापली गाडी," ते म्हणाले. "उतरा सगळे."

दादा हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, लाकडाची आहे ही."

"अहो, काय बोलताय?" आईने त्यांच्या दंडाला हात लावला. "हिला इंजिन तरी आहे का?"

डिझायनरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कुणालातरी पाणी आणायची खूण केली. धाकटीने दादाकडे बघितलं, दादाने धाकटीकडे, आणि दोघांच्याही मनात एकच भीती आली, की झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"मी सांगतोय ना, तापली. उतरा." बाबांचा एक पाय बाहेर आलाही होता.

सगळे उतरले. बाबा दाराला धरून धरून पुढे गेले आणि बॉनेट असायला हवं होतं त्या मातीच्या उतारासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

त्यांना तसं उभं बघितलं आणि मधलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायची, की बसल्यावर आधी वरचा आरसा नीट करा. त्यात मागची काच मधोमध दिसली पाहिजे. कडेला बसलेली माणसं त्यात दिसत नाहीत, दिसतो तो फक्त मध्ये बसलेला. त्याचं डोकं आड येत असेल तर त्याला जरा खाली सरकायला सांगा. हजारो लोकांना तिने हे सांगितलं होतं. आणि घाटातला तो सगळा रस्ता, प्रत्येक वळणाला, बाबांच्या समोरच्या आरशात कोण होतं, हा विचार तिने एकदाही केला नव्हता.

ती त्यांच्याजवळ गेली. काठी त्यांच्या हातात दिली.

"बाबा, आपली डबी खरंच किती वेळा तापली होती?"

"कुठली? आपली?" बाबा दुखावल्यासारखे म्हणाले. "एकदाही नाही. चांगली गाडी होती ती."

मधली म्हणाली, "मग साहेबांना सांगायचं ना, की हिला मधे बसलं की मळमळतं म्हणून."

"त्यांनी तुला विचारलं असतं, बाळ, कसं वाटतंय. तू काय म्हणाली असतीस?"

तिला उत्तर ठाऊक होतं. "ठीक आहे म्हटलं असतं."

"आणि त्यांनी तेच धरलं असतं. कायमचं." बाबांनी मातीच्या उतारावरून बोट फिरवलं. "आणि घाटात तुझ्यासाठी थांबलो असतो, तर या दोघांनी तुला चिडवून हैराण केलं असतं. गाडीला कोण चिडवणार?"

आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे मी त्या बिचाऱ्या साहेबांच्या मागे लागले ते? ती जाळी केली त्यांनी एवढी मोठी, माझ्या सांगण्यावरून. तो पोरगा नोकरी सोडून गेला. आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत?"

"छान दिसते पण ती जाळी," बाबा म्हणाले.

डिझायनरबाई हातात पाण्याचा ग्लास घेऊन तशाच उभ्या होत्या. डबीचं ते जगजाहीर हसू त्यांनी कॉलेजात तास तास बसून कागदावर रेखाटलं होतं, त्यावर निबंध लिहिला होता. "म्हणजे जाळी... यांना मळमळायचं म्हणून?" त्यांनी विचारलं. त्यांनी तो पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला.

दादा टकलावरून हात फिरवत मधलीकडे बघत होता. "मला वाटायचं, तू गाडी तापली की फुलं बघायला जातेस," तो म्हणाला. तो ओशाळला होता, आणि ओशाळलेला दादा तिने याआधी बघितला नव्हता.

"ती पेटी काढा आधी," आईने फर्मान सोडलं. "पाच माणसं आहोत आम्ही. आज नाही, पहिल्यापासून."

"काढते काकू, नुसती ठेवलेलीच आहे. पण मधे जरा अडचण होईल हं, खाली उंचवटा आहे आणि रुंदीही..."

"मी बसतो मधे," बाबा म्हणाले.

"अहो, तुमचे गुडघे."

"मला चालवता येत नाही आता. लायसन्स गेलं माझं." घरात कुणी न काढणारी गोष्ट त्यांनीच काढली, तीही सगळ्यांसमोर. दादा सावकाश चालकाच्या दाराकडे सरकू लागला होता. बाबांनी त्याला काठीने अडवलं. "तू तुझ्या खिडकीत जा. जिचा धंदा आहे ती चालवेल."

हे मधलीला नवीनच होतं. गावभरच्या लोकांना तिने गाडी शिकवली, पण स्वतः कायम शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. घरच्या माणसांना मागे बसवून चाक हातात घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ती बसली. सीट पुढे घेतली, पाठ सरळ केली. आई शेजारी येऊन बसली आणि तिने पर्स मांडीवर घेतली. मागे दादा खिडकीत गेला, धाकटी दुसऱ्या खिडकीत, आणि मध्ये बाबांना चढवताना बराच वेळ लागला. दारं लागली.

मधलीने वरचा आरसा नीट केला.

आरशात बाबा होते. गुडघे छातीपर्यंत आलेले, दोन्ही खांदे आत घेतलेले, हात कुठे ठेवावेत ते न कळून पोटावर ठेवलेले. दादा जमेल तेवढा दाराला चिकटून बसला होता, धाकटीनेही अंग चोरलं होतं, तरी बाबांना हलायला जागा नव्हती.

डिझायनरबाई मागच्या खिडकीशी वाकल्या. या कारखान्यात आजवर कुणी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"मधे कसं वाटतंय, काका?"

"ठीक आहे," बाबा म्हणाले. आवाज चांगला खणखणीत होता. "अगदी ठीक आहे."

मधली आरशात बघत राहिली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. ओठ मिटलेले होते. हनुवटीखाली एक शीर उडत होती. दिसत होतं ते सगळं, स्वच्छ, हातभर अंतरावर. नुसतं वर बघायचं होतं.

किल्ली असायला हवी होती तिथे हात नेऊन तिने ती फिरवल्यासारखं केलं.

"तापली गाडी," ती म्हणाली. "उतरा सगळे."

आई लगेच दार उघडून उतरली. दादा आणि धाकटीही उतरले, आणि दोघांनी मिळून बाबांना हात दिला. डिझायनरबाई बॉनेटकडे गेल्या नाहीत. त्या मागच्या सीटपुढे गुडघ्यांवर बसल्या, तो उंचवटा चाचपून बघितला, आणि मान वळवून चालकाच्या जागी बसलेल्या मधलीला विचारलं,

"तुम्ही सांगा. किती खाली घेऊ?"